हवेची थरथर

१८५६ च्या उन्हाळ्यात अटलांटिक महासागरातल्या टेनेरीफ बेटावर खेचरांचा एक तांडा डोंगर चढत होता. खेचरांच्या पाठीवर लाकडी खोकी होती आणि खोक्यांत दुर्बिणीचे सुटे भाग, थर्मामीटर, कॅमेरे, तंबू असं सामान. तांड्याबरोबर चाललेला गृहस्थ होता चार्ल्स पियाझी स्मिथ, वय सदतीस, स्कॉटलंडचा शाही खगोलशास्त्रज्ञ. बरोबर त्याची पत्नी जेसी होती. तिला भूगर्भशास्त्राची चांगली जाण होती. दोघांच्या लग्नाला अजून वर्ष पुरं व्हायचं होतं. मधुचंद्राची म्हणावी अशी ही सहल, आणि तिचा खर्च ब्रिटिश आरमाराने दिलेल्या ५०० पौंडांतून चाललेला. बेटापर्यंत यायला बोट मिळाली ती रेल्वेचा नामांकित इंजिनिअर रॉबर्ट स्टीफन्सन याची. ‘टायटानिया’ ही आपली खासगी नौका त्याने या कामासाठी वापरायला दिली होती.

पहिला मुक्काम ग्वाहारा नावाच्या शिखरावर पडला, सुमारे २,७०० मीटरवर. वाऱ्याने तंबू आणि दुर्बीण हलू नये म्हणून भोवती दगडांच्या कोरड्या भिंती रचल्या गेल्या. बोटीवरच्या खलाशांनीही त्या कामाला हात लावला. काही आठवड्यांनी मोठी दुर्बीण आणखी वर, ‘अल्टा व्हिस्टा’ नावाच्या जागी नेली. तिची उंची सव्वातीन हजार मीटरच्या वर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. तिथे रात्रभर डोळ्यांची पापणी न लवू देता स्मिथ जोडतारे पाहत राही. दोन तारे अगदी चिकटून असले की खालच्या हवेत त्यांचा एकच थरथरता ठिपका दिसतो. वर गेल्यावर ते सुटे दिसतात का, हे त्याला तपासायचं होतं. एडिंबरात त्याची वेधशाळा शहराच्या डोक्यावरच, काल्टन हिलवर होती. धुरकट, ढगाळ, सतत हलती हवा हे तिथलं रोजचं दुखणं.

ग्वाहारावर मधूनच धुळीचं सावट येई आणि त्याबद्दल त्याने वैतागून लिहिलंही आहे. तरीही निकाल स्पष्ट होता. उंचावर तारे अधिक शांत होते, अधिक स्वच्छ होते आणि मंद तारेही दिसत होते. १८५८ मध्ये त्याने या मोहिमेवर पुस्तक काढलं. दोन डोळ्यांच्या भिंगांतून पाहिल्यावर खोली जाणवणारी छायाचित्रं छापलेलं ते पहिलं पुस्तक. पण त्याहून मोलाचं म्हणजे, दीडशे वर्षं कागदावर पडून असलेली एक सूचना त्याने प्रत्यक्ष करून पाहिली होती.

ती सूचना न्यूटनची. १७०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात न्यूटनने लिहिलं की दुर्बिणी कितीही उत्तम घडवल्या तरी त्यांना एक मर्यादा राहणारच, कारण ज्या हवेतून आपण तारे पाहतो ती सतत कापत असते. पुरावा म्हणून त्याने दोन गोष्टी पुढे ठेवल्या. उंच मनोऱ्यांच्या सावल्यांची कड थरथरते, आणि तारे लुकलुकतात. उपाय त्याला एकच दिसत होता: अगदी शांत, निवळ हवा. ती कदाचित ढगांच्या वर, फार उंच पर्वतांच्या माथ्यांवर मिळेल, असा त्याचा अंदाज होता. तो स्वतः कधी त्या माथ्यांवर गेला नाही.

न्यूटनच्या आधी चाळीसेक वर्षं रॉबर्ट हूकनेही ‘मायक्रोग्राफिया’त लुकलुकण्याचं खापर हवेवरच फोडलं होतं. त्याहून मागे गेलं तर मात्र आरोपी बदलतो. अॅरिस्टॉटलच्या मते दोष डोळ्याचा होता. डोळ्यातून दृष्टीचा किरण बाहेर निघून वस्तूपर्यंत जातो, अशी त्या काळची एक समजूत. ग्रह जवळ आहेत, म्हणून किरण तिथवर दमदारपणे पोहोचतो. तारे इतके दूर, की तिथवर जाता जाता किरणालाच कंप सुटतो. म्हणून ग्रह स्थिर आणि तारे लुकलुकते. स्पष्टीकरण चुकलं, पण निरीक्षण अचूक होतं. तारे लुकलुकतात, ग्रह सहसा लुकलुकत नाहीत, आणि या फरकाचा अंतराशी संबंध आहे, इथपर्यंत अॅरिस्टॉटल बरोबर होता. हा फरक म्हणजेच सगळ्या कोड्याची किल्ली होती.

आज दहावीतल्या मुलांना हे प्रकाशाच्या अपवर्तनाच्या धड्यात शिकवतात. तापलेल्या तव्यावरून पलीकडची भिंत पाहिली की ती हलताना दिसते. मे महिन्यात डांबरी रस्त्यावर झळा नाचतात तेही तेच. गरम हवा विरळ, गार हवा दाट. प्रकाश एकीतून दुसरीत शिरताना किंचित वळतो. हे वळणं किती किंचित, तर तापमान एका अंशाने बदललं की हवेचा अपवर्तनांक दहा लाखांत साधारण एका भागाने बदलतो. एवढ्याशा फरकाचं काय घेऊन बसायचं, असं वाटेल. पण वर हवेचे असे थर आणि भोवरे एकावर एक किलोमीटरच्या किलोमीटर रचलेले असतात, आणि वारा त्यांना सारखा पुढे ढकलत असतो.

नेमकं काय घडतं ते पाण्याच्या हौदात दिसतं. दुपारच्या उन्हात हौदाच्या तळाशी प्रकाशाची एक जाळी हलताना दिसते. कुठे झळझळीत रेघ, शेजारी अंधारी फट. पाण्यावरची प्रत्येक लाट भिंगासारखी वागते, इथे किरण गोळा करते, तिथे पांगवते. आपण सगळे हवेच्या अशाच एका हौदाच्या तळाशी उभे आहोत. ताऱ्याच्या प्रकाशाची अशीच जाळी जमिनीवरून सरकत असते. डोळ्याची बाहुली अंधारात काही मिलिमीटरच उघडते, म्हणून जाळीतली उजळ रेघ डोळ्यावरून गेली की तारा लखकन चमकतो आणि फट गेली की मिणमिणतो. खग्रास सूर्यग्रहणात सूर्याची अगदी बारीक कोर उरते, त्या काही क्षणांत हीच जाळी कधी कधी साध्या डोळ्यांनी दिसते. पांढऱ्या चादरीवर फिकट छायापट्ट्या सरपटत जातात.

ग्रह का लुकलुकत नाही? तारा इतका दूर की कोणत्याही डोळ्याला तो बिंदूच. ग्रहाला मात्र लहानशी तबकडी असते. गुरूची तबकडी चाळीसेक विकला रुंद असते. एक विकला म्हणजे पाच किलोमीटरवर धरलेल्या अडीच सेंटिमीटरच्या नाण्याची रुंदी. गुरूच्या तबकडीवरचा प्रत्येक बिंदू आपापला लुकलुकत असतो. पण एक मंद झाला की दुसरा उजळतो, आणि बेरीज स्थिर राहते. क्षितिजाजवळच्या ताऱ्याचा प्रकाश जास्त हवेतून तिरका येतो, म्हणून तो अधिक लुकलुकतो. हवा त्याचे रंगही थोडे वेगळे करते. थंडीत संध्याकाळी पूर्वेला उगवणारा व्याध क्षणात तांबडा, क्षणात निळा-हिरवा दिसतो तो यामुळेच. व्याधाचा प्रकाश साडेआठ वर्षांहून अधिक काळ अवकाशातून सरळ येतो. त्याची वाट बिघडते ती शेवटच्या वीसेक किलोमीटरच्या हवेत, आणि हा टप्पा ओलांडायला त्याला सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ लागतो.

स्मिथच्या मोहिमेनंतर खगोलशास्त्रज्ञ डोंगरांकडे वळले. कॅलिफोर्नियातल्या माउंट हॅमिल्टनवर १८८८ मध्ये लिक वेधशाळा सुरू झाली. डोंगरमाथ्यावर कायमची वस्ती करणारी ती पहिली वेधशाळा. जेम्स लिक या धनिकाने तिला पैसा दिला आणि त्याचा मृतदेह तिथल्या ३६ इंची दुर्बिणीच्या खांबाखालीच पुरलेला आहे. पुढच्या शतकात हवाईचं माउना केआ, चिलीतले अटाकामाचे डोंगर अशी उंची वाढतच गेली. भारताने लडाखमध्ये हानले इथे सुमारे ४,५०० मीटरवर दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण उभारली. सप्टेंबर २००० मध्ये तिने पहिला तारा पाहिला. तिथल्या विरळ हवेत माणसांना रात्र रात्र बसवण्यापेक्षा ती उपग्रहाच्या दुव्यावरून बंगळुरूजवळच्या होसकोटेहून चालवतात.

पण डोंगर चढून हवेपासून सुटका होत नाही. हवा कमी होते, संपत नाही.

१९४८ मध्ये पालोमार डोंगरावर पाच मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण सुरू झाली, तेव्हा हे फार टोचलं. एवढ्या आरशाने मंदातले मंद तारे पकडता येत होते, पण बारकावे? चांगल्या रात्रीही हवेतले जे तुकडे सलग आणि शांत राहतात ते दहा-वीस सेंटिमीटरचे असतात. त्यामुळे पाच मीटरचा आरसाही दृश्य प्रकाशात फार बारीक तपशील दाखवताना घराच्या गच्चीवरच्या हौशी दुर्बिणीच्या फारसा पुढे जात नव्हता. मोठ्या आरशात तारा लुकलुकत नाही, तो उकळतो. फोटोत त्याचा एक विकला रुंदीचा फुगीर गोळा उमटतो. रात्रीची हवा किती शांत आहे हे सांगायला वेधशाळांतली माणसं ‘सीइंग’ हा शब्द वापरतात आणि ‘आज सीइंग बरं आहे’ हे वाक्य ती शेतकऱ्याने पावसाबद्दल बोलावं तशा सुरात बोलतात.

पालोमारच्या वेधशाळेत होरेस बॅबकॉक हा खगोलशास्त्रज्ञ काम करत होता. १९५३ मध्ये त्याने एक छोटा लेख प्रसिद्ध केला. त्यातली कल्पना आजही वाचताना थक्क करते. हवा स्थिर करता येत नाही, तर ती काय बिघडवते आहे हे क्षणोक्षणी मोजायचं आणि तितकंच उलट बिघडवणारा आरसा मध्ये ठेवायचा. हवेने प्रकाशाची लाट जिथे पुढे ढकलली, तिथे आरसा त्या मानाने मागे सरकेल. त्याने सुचवलेल्या आरशावर तेलाचा पातळ थर होता. इलेक्ट्रॉनच्या झोताने त्या थरावर विद्युतभार टाकून तो हवा तसा उंच-सखल करायचा. हे सेकंदाला शेकडो वेळा करायला लागलं असतं आणि तेवढी वेगवान इलेक्ट्रॉनिक यंत्रणा त्या काळी कुणाकडेच नव्हती. आणखी एक अट आड येत होती. मोजमापासाठी जवळच एखादा ठळक तारा हवा, आणि आकाशाच्या बहुतेक भागांत तसा तारा नसतो. कल्पना फाइलबंद राहिली.

दरम्यान लुकलुकण्याने एका वेगळ्याच दिशेने आश्चर्याचा धक्का दिला.

इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये १९६४ च्या सुमारास अँटनी ह्यूइश आणि सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की रेडिओ लहरीही लुकलुकतात. इथे बिघडवणारी गोष्ट पृथ्वीची हवा नव्हे, तर सूर्याकडून सतत वाहत येणारा विद्युतभारित वायूंचा झोत. नियम तोच. आकाराने मोठे रेडिओस्रोत स्थिर दिसतात, ग्रहांसारखे. अगदी लहान आणि दूरचे लुकलुकतात, ताऱ्यांसारखे. तेव्हा नव्यानेच सापडलेले क्वेसार नावाचे रेडिओस्रोत लहान आणि दूरचेच होते. म्हणजे लुकलुकणारे स्रोत शोधले की क्वेसार सापडतील! ज्या गोष्टीपासून खगोलशास्त्रज्ञ शंभर वर्षं पळत होते, तिलाच इथे वाटाड्या केलं गेलं.

त्यासाठी साडेचार एकरांवर तारांचं जाळं उभारलं गेलं. त्यात २,०४८ द्विध्रुव अँटेना होत्या. खांब ठोकायला, तारा ओढायला विद्यार्थीच होते आणि त्यांच्यात उत्तर आयर्लंडहून आलेली जोसलिन बेल ही पीएच.डी.ची विद्यार्थिनी होती. हातोडा चालवण्यात आपण पटाईत झालो, असं तिने पुढे सांगितलं आहे. जाळं सुरू झाल्यावर दररोज जवळजवळ तीस मीटर कागदावर आलेख उमटे, आणि तो सगळा बेल स्वतः डोळ्यांनी तपासत असे. ऑगस्ट १९६७ मध्ये तिला एका जागी जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीची खरखर दिसली. ती लुकलुकणाऱ्या क्वेसारसारखी नव्हती, माणसांच्या यंत्रांमधून येणाऱ्या खरखरीसारखीही नव्हती. दुसरं कुणी असतं तर पुढे सरकलं असतं. तिने जुने कागद काढून पाहिले आणि तीच खरखर आकाशाच्या त्याच भागातून पुन्हा पुन्हा येते हे ओळखलं. २८ नोव्हेंबरला तिने कागद वेगाने पळवला तेव्हा खरखर उकलून एकसारखे ठोके दिसले, एकेका ठोक्यात १.३३ सेकंदांचं अंतर.

तो पहिला पल्सार होता, म्हणजे स्वतःभोवती गरगर फिरणारा, मेलेल्या ताऱ्याचा अतिघन गाभा. लुकलुकणं टिपायला यंत्र जलद प्रतिसाद देणारं बांधावं लागलं होतं. संथ यंत्राने हे ठोके पुसून टाकले असते. १९७४ चं नोबेल ह्यूइश आणि मार्टिन राइल यांना मिळालं. बेल यांचं नाव त्यात नव्हतं. कागदाच्या भेंडोळ्यांतून ती खरखर वेगळी काढणारी नजर बेल यांची होती, आणि ते नाव त्या यादीत असायला हवं होतं. २०१८ मध्ये त्यांना तीस लाख डॉलरचा ‘ब्रेकथ्रू’ पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी सगळी रक्कम भौतिकशास्त्र शिकू पाहणाऱ्या, संधी न मिळालेल्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांना दिली.

भारतात गोविंद स्वरूप यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेतर्फे उटीजवळ ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद रेडिओदुर्बीण बांधली, आणि १९७० मध्ये ती सुरू झाली. जागेची निवड फार हुशारीची होती. तिथल्या टेकडीचा उतार त्या ठिकाणच्या अक्षांशाएवढा, सुमारे ११ अंशांचा. त्यामुळे उतारावरच दुर्बीण आडवी ठेवली की तिचा अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर होतो आणि एकाच अक्षाभोवती वळवून ती कित्येक तास एका स्रोताचा पाठलाग करते. या दुर्बिणीवर पुढची अनेक दशकं रेडिओस्रोतांचं लुकलुकणं मोजलं गेलं. सूर्यावर उद्रेक झाला की त्यातून सुटलेला वायू कुठवर आला, किती वेगाने येतो आहे, हे त्या थरथरीवरून कळतं. नारायणगावजवळ खोडदला तीस अवाढव्य तबकड्यांची जीएमआरटी ही दुर्बीण पुढे याच स्वरूप यांनी उभी केली, हे जुन्नर तालुक्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

दृश्य प्रकाशाच्या दुर्बिणींची गोष्ट मात्र सत्तरच्या दशकात बंद दारामागे गेली.

सोव्हिएत उपग्रह डोक्यावरून जात होते आणि ते नेमके कसे आहेत हे अमेरिकन लष्कराला जमिनीवरून पाहायचं होतं. मध्ये तीच थरथरती हवा. लष्कराच्या संशोधन संस्थेने पैसा ओतला आणि बॅबकॉकची कल्पना प्रत्यक्षात आली. आयटेक या कंपनीत जॉन हार्डी यांच्या गटाने १९७३ च्या सुमारास एक छोटा आरसा केला. त्याच्या पाठीमागे २१ बारीक दट्टे होते आणि विजेने ते केसाच्या जाडीच्या अंशाअंशाने पुढे-मागे सरकत. १९८२ पर्यंत हवाई बेटसमूहातल्या माउई बेटावर १.६ मीटरच्या दुर्बिणीला १६८ दट्ट्यांची यंत्रणा जोडली गेली. या तंत्राला आज सगळीकडे अॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स म्हणतात.

ठळक ताऱ्याची अडचण राहिलीच होती. १९८२ च्या उन्हाळ्यात अमेरिकन सरकारच्या ‘जेसन’ या सल्लागार गटाच्या बैठकीत प्रिन्स्टनचे भौतिकशास्त्रज्ञ विल हॅपर यांनी उपाय काढला. जमिनीपासून नव्वदेक किलोमीटरवर सोडियमचा एक विरळ थर आहे. जळून गेलेल्या उल्कांनी तो तिथे ठेवला आहे. सोडियमच्या नेमक्या पिवळ्या रंगाचा लेझर वर मारला की त्या थरातले अणू तोच रंग परत फेकतील आणि आकाशात हव्या त्या जागी एक ‘तारा’ पेटेल. जुन्या रस्त्यांवरच्या सोडियमच्या दिव्यांचा पिवळा आठवावा, हा तोच पिवळा. याआधी आणखी एक सूचना पुढे आली होती. धुळीत मोटारीच्या दिव्याचा झोत दिसतो तसा काही किलोमीटरवरच्या हवेच्या रेणूंवरून विखुरणारा लेझरचा प्रकाशही ताऱ्याचं काम करील. न्यू मेक्सिकोत, आल्बुकर्कीजवळच्या हवाई दलाच्या तळावर रॉबर्ट फ्यूगेट यांच्या गटाने १९८३ मध्ये तिची पहिली चाचणी घेतली. १९८९ मध्ये त्यांनी दीड मीटरच्या दुर्बिणीवर लेझरच्या कृत्रिम ताऱ्याच्या आधाराने खऱ्या ताऱ्याची प्रतिमा स्थिर करून दाखवली. पण दाखवली ती त्या तळावरच्या मोजक्या लोकांना, बाहेर कुणाला पत्ता नव्हता.

त्याच वर्षांत फ्रान्समध्ये रेनो फॉय आणि अँत्वान लाबेरी या दोघांनी स्वतःच्या बुद्धीने तीच लेझरची कल्पना गाठली आणि १९८५ मध्ये उघडपणे छापली. १९८७ मध्ये लेअर्ड थॉम्पसन आणि चेस्टर गार्डनर यांनी माउना केआवर सोडियमचा तारा पेटवून दाखवला. अमेरिकेतले जे शास्त्रज्ञ दोन्ही जगांत वावरत होते त्यांना हे सगळं वाचताना गप्प बसावं लागलं. आपले बाहेरचे सहकारी आधीच सुटलेलं गणित पुन्हा सोडवत आहेत, हे माहीत असून बोलता येत नव्हतं. सुरक्षेची गरज खरी होती, हे मान्य केलं तरी खुल्या विज्ञानाची जवळजवळ एक दशकभराची वाटचाल यात खर्ची पडली, आणि ती किंमत मोठी होती.

मे १९९१ मध्ये ही दारं उघडली. सिॲटलमध्ये अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची सभा होती. तिथे फ्यूगेट उभे राहिले आणि इतक्या वर्षांचं काम त्यांनी सगळ्यांसमोर मांडलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘नेचर’मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले.

युरोपही रिकाम्या हाताने बसला नव्हता. ऑक्टोबर १९८९ मध्ये फ्रान्सच्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत १९ दट्ट्यांच्या एका यंत्राने दीड मीटरच्या दुर्बिणीची प्रतिमा हवेची मर्यादा ओलांडून स्वच्छ केली.  पुढच्या वर्षी ते यंत्र चिलीतल्या ला सिया वेधशाळेच्या ३.६ मीटरच्या दुर्बिणीवर बसवलं गेलं. दशकअखेरीस हवाईच्या दहा मीटरच्या केक दुर्बिणीला आणि थोड्याच वर्षांत चिलीतल्या आठ मीटरच्या व्हीएलटीला असे आरसे मिळाले.

फळ कुठे दिसलं तर आकाशगंगेच्या अगदी मध्यभागी, सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर. तिथे धूळ इतकी की दृश्य प्रकाश पोहोचतच नाही, म्हणून अवरक्त प्रकाशात पाहावं लागतं, आणि तारे इतके दाटीने की हवेच्या थरथरीत सगळे एकमेकांत मिसळतात. जर्मनीत राइनहार्ड गेंझेल यांच्या गटाने १९९२ पासून आणि अमेरिकेत अँड्रिया गेझ यांच्या गटाने १९९५ पासून तिथले एकेक तारे टिपायला सुरुवात केली. आधी अगदी क्षणिक फोटोंचे ढीग काढून, त्यातले गोठलेले ठिपके एकत्र जुळवून. हे तंत्र लाबेरींनीच १९७० मध्ये दिलं होतं. मग अॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स आलं आणि चित्र एकदम निवळलं. एस-२ नावाचा एक तारा १६ वर्षांत एक फेरी पुरी करत होता. २००२ मध्ये तो मध्यबिंदूपासून १७ प्रकाशतासांवरून वळसा घालून गेला. तो ज्याच्याभोवती फिरला तिथे काहीच दिसत नव्हतं, पण वळणाच्या गणितातून वस्तुमान निघालं: सुमारे चाळीस लाख सूर्यांएवढं. एवढ्याशा जागेत एवढं वस्तुमान कृष्णविवरातच मावू शकतं. २०१८ मध्ये एस-२ पुन्हा जवळ आला, सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरहून अधिक वेगाने, आणि सगळे डोळे त्याच्यावर होते. २०२० च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलची अर्धी रक्कम गेंझेल आणि गेझ यांनी वाटून घेतली. दुसरी अर्धी रॉजर पेनरोज यांना मिळाली.

अॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्सच्या कामात पुण्याचाही हात आहे. विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या संस्थेने अमेरिकेतल्या कॅलटेकबरोबर ‘रोबो-एओ’ नावाची यंत्रणा बांधली. आयुकाकडून तिचं नेतृत्व ए. एन. रामप्रकाश यांनी केलं. मोठ्या वेधशाळांत एकेक तारा लावायला बराच वेळ जातो आणि माणसंही बरीच लागतात. या यंत्रणेत ते सगळं संगणकावर सोपवलं होतं. लेझरही अतिनील घेतला. डोळ्याला तो दिसत नाही, त्यामुळे वैमानिकांचे डोळे दिपण्याची भीती नाही. पालोमारच्या दीड मीटर दुर्बिणीवर बसून ती एका रात्रीत दोनशेच्या वर तारे तपासू शकत होती. केप्लर अवकाशदुर्बिणीने ज्यांच्याभोवती ग्रह असावेत असं सुचवलं होतं, अशा शेकडो ताऱ्यांकडे तिने पाहिलं. थरथरीच्या गोळ्यात दुसरा एखादा तारा दडला असेल तर ग्रहाच्या आकाराचं गणित चुकतं. तो दडलेला शेजारी शोधणं हे तिचं काम होतं.

चिलीत आता ३९ मीटर व्यासाच्या आरशाची ईएलटी ही दुर्बीण उभी राहते आहे. तिच्यातल्या एका आरशाच्या मागे पाच हजारांहून अधिक दट्टे आहेत आणि ते सेकंदाला सुमारे हजार वेळा आरशाचा आकार बदलतील. एवढी दुर्बीण बांधायचं धाडस होतं ते थरथर पुसता येते या खात्रीवरच.

दरम्यान आकार बदलणारा असा आरसा एका अनपेक्षित जागी जाऊन पोहोचला. डॉक्टर माणसाच्या डोळ्याच्या मागच्या पडद्याकडे पाहतात तेव्हा मध्ये डोळ्याचंच भिंग आणि पारदर्शक पडदा येतो, आणि त्यांच्यातलं सूक्ष्म उंचसखलपण प्रकाशाला तसंच बिघडवतं जसं हवा ताऱ्याच्या प्रकाशाला बिघडवते. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात जुनझोंग लियांग, डेव्हिड विल्यम्स आणि डोनाल्ड मिलर यांनी लवचिक आरसा वापरून ही गडबड दुरुस्त केली, आणि जिवंत माणसाच्या डोळ्यातल्या एकेका शंकूपेशीचा स्वच्छ फोटो घेतला. दोन वर्षांनी ऑस्टिन रूर्डा आणि विल्यम्स यांनी दोन माणसांच्या डोळ्यांत लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या शंकूपेशी कशा पसरल्या आहेत याचे नकाशे काढले. एकाच्या डोळ्यात लाल आणि हिरव्या पेशी जवळपास सारख्याच होत्या. दुसऱ्याच्या डोळ्यात लाल पेशी हिरव्यांच्या जवळजवळ चौपट होत्या. रंग मात्र दोघांनाही नीट ओळखता येत होते.